तीन उजवे कौल

स्मरणशक्ती हीच माणसाला जनावरापासून वेगळं करते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आमच्या वाडीतल्या एकाने फोंडाघाटच्या बाजारात विकलेला बैल चौथ्या दिवशी एकटाच चालत घरी आला, आणि तो कुणाला विकला होता हे मालकाला शेवटपर्यंत आठवलं नाही. तेव्हा थोरांना तिथेच सोडून बाबली तांडेलाकडे वळलेलं बरं.

मालवणच्या उत्तरेला आमचं छोटं बंदर. बंदर म्हणजे कागदावर. मुंबईची आगबोट किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर, खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना पडावात, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होडीत, बसवून आणावं लागायचं. अर्ध्या मैलात खडकच खडक. म्हातारी, बोकड, तीन भाऊ अशी त्यांची नावं. भरतीला ते दिसत नाहीत; ओहोटीला अर्धे दिसतात, आणि उरलेला अर्धा पडावाला लागतो. त्यामुळे तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, खडक बघत नाही, किनारा बघतो. बंदर कचेरीचा झेंडा मागच्या टेकडीवरच्या वडाच्या बुंध्यावर आला की वळायचं. मशिदीचा चुना माडांच्या जोडीतून दिसला की पुन्हा वळायचं. अशा सात खुणा. कुठे लिहिलेल्या नाहीत, बाबलीच्या डोक्यात होत्या. चौतीस वर्षं तो सुकाणूवर होता आणि त्याच्या पडावातून कुणाचं पायताणसुद्धा भिजलं नव्हतं, असं लोक म्हणत. पायतणं भिजत. पण माणूस एकही गेला नव्हता.

सन अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर बाबली आपल्या सुनेला, म्हणजे सुशीलेला, विमला म्हणायला लागला. विमला ही त्याची लेक, वेंगुर्ल्याला दिलेली. सासऱ्याने सुनेला लेकीच्या नावाने हाक मारणं हे एखाद्या घरात भाग्याचं लक्षण मानतील. आमच्याकडे त्याची बातमी झाली. मग तंबाखूची पिशवी हरवली, ती छपरात सापडली. एकदा त्याने कापडाच्या दुकानासमोर उभं राहून आपण काय घ्यायला आलो हे दुकानदारालाच विचारलं. वय बासष्ट. घरी बायको नाही. ती जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा गुरुदास मुंबईला गोदीत. घरात सुशीला, आणि बाबलीची विधवा बहीण हौसाबाई.

एवढ्यावर भागलं असतं. पण बंदर कचेरीच्या फळ्यावर एक सरकारी कागद लागला. साठ वर्षांवरच्या तांडेलांची नजर आणि स्मरण यांची चाचणी घेण्यात येईल, नापास झाल्यास सुकाणूवर बसता येणार नाही. कारकुनाने तो मोठ्याने वाचून दाखवला. रत्नागिरीहून साहेब फेब्रुवारीत आगबोटीने येणार आहेत हेही त्याने सांगितलं. साठ वर्षांवरचा तांडेल बंदरात एकच होता, त्यामुळे वाचून झाल्यावर सगळे एकाच माणसाकडे बघायला लागले.

 बाबली घरी येऊन ओट्यावर बसला आणि सातही खुणा मनात मोजल्या. सहाच भरल्या. पुन्हा मोजल्या, सात भरल्या. त्या रात्रीपासून त्याला झोप लागेना.

हौसाबाई दुसऱ्या दिवशी धामापूरला वैद्याकडे चालत गेली. वैद्याने साजूक तुपातून चाटायची पुडी दिली आणि पुडीवर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: ब्राह्मी, वेखंड, जटामांसी, सर्पगंधा. रोज पहाटे एक. हौसाबाईला वाचता येत नव्हतं, पण अक्षर चांगलं आहे एवढं तिला समजलं. भावाला तिने सांगितलं, ही शक्तीची पुडी. डोक्याची म्हटलं असतं तर तो चिडला असता.

सुशीलेने मुंबईला पत्र टाकलं. गुरुदासने गोदीतल्या कुणा ओळखीच्या कंपाउंडरला विचारून पांढऱ्या बारीक गोळ्यांची बाटली पाठवली. डोकं शांत राहतं, रक्ताचा दाब उतरतो, दाब उतरला की आठवण सुधारते, रोज दोन, असं पत्रात होतं. सुशीलेने सासऱ्याला सांगितलं की गोळ्या गुडघ्यांच्या आहेत. आणि आतेसमोर तिने बाटली काढलीच नाही, कारण इंग्रजी औषध घरात दिसलं की हौसाबाई ते विहिरीत टाकते असा अनुभव होता.

राहिला बाबली. तो बाजारातल्या डॉक्टरकडे गेला आणि झोप येत नाही एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी दाब मोजला, मीठ बंद करा म्हणून सांगितलं, आणि गुलाबी औषधाची बाटली दिली. बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी, एक दाता म्हणजे एक वेळ. मीठ बंद झाल्याचं त्याने घरी सांगितलं. बाटलीचं सांगितलं नाही. तांडेलाला झोपेचं औषध लागतं हे बायकांना कळलं की पाणवठ्यावर कळतं, आणि पाणवठ्यावर कळलं की कचेरीत. बाटली त्याने पडावाच्या मांगरात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खोपीत, जुन्या शिडाच्या घडीत ठेवली.

आमच्याकडे औषध नुसतं आणलं म्हणून घेत नाहीत. आधी देवीला विचारतात. गुरव पाषाणाच्या मूर्तीला डावीकडे उजवीकडे ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. दत्ताराम गुरवाकडे मंगळवारी हौसाबाई गेली.

"बाये माझे," दत्तारामने गाऱ्हाणं घातलं, "बाबलीक ही पुडी लागू होवची आसात तर उजवो कौल दी."

देवीने उजवा दिला. शुक्रवारी सुशीला पदराखाली बाटली घेऊन गेली. उजवा. रविवारी बाबली स्वतः गेला, आजूबाजूला कुणी नाही असं बघून. तोही उजवा. अख्ख्या गावात तिन्ही औषधांची माहिती फक्त दोघांना होती, देवीला आणि दत्तारामला. देवी विचारल्याशिवाय बोलत नाही आणि गुरवाने एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याला सांगायचं नसतं. दोघांनीही आपापला नेम पाळला.

पहिले आठ दिवस बरे गेले. बाबली झोपायला लागला. डॉक्टरच्या बाटलीने, असं त्याला वाटलं. हौसाबाईला वाटलं पुडीने, आणि सुशीलेने मुंबईला लिहिलं की गोळ्यांनी. मग तो दुपारीही झोपायला लागला. जेवताना घास हातात राहायचा. उठून उभा राहिला की खांबाला धरायचा, डोळ्यांपुढे अंधार येतो म्हणायचा. बोलणं जड झालं, जीभ भाजल्यासारखं. सुशीलेला तो आता विमलासुद्धा म्हणेना. नुसतं बघायचा आणि मान खाली घालायचा. एक दिवस ओट्यावर बसून डोळे पुसताना दिसला. काय झालं विचारलं तर काय झालं हे त्यालाही सांगता आलं नाही.

विसरणं वाढतंय, म्हणजे औषध कमी पडतंय. हा हिशेब तिघांनी तीन ठिकाणी बसून एकाच आठवड्यात केला. हौसाबाईने संध्याकाळचीही पुडी चालू केली. सुशीलेने दोनच्या तीन गोळ्या केल्या. बाबली मांगरात जाऊन बाटलीचे दोन दाते एकदम प्यायला लागला.

पडावावर ही गोष्ट पहिल्यांदा दाऊदला दिसली. दाऊद बाबलीच्याच वयाचा, पडाव त्याने बाबलीइतकाच हाकला होता, फक्त नाळीकडे, म्हणजे पुढच्या टोकाला बसून. जानेवारीच्या शेवटी एका खेपेला झेंडा वडावर येऊन पुढे गेला तरी सुकाणू वळलं नाही. दाऊदने वल्ह्यावरूनच हाक मारली तेव्हा वळलं. उतारू उतरल्यावर तो बाबलीशेजारी वाळूत बसला.

"झेंडो बघलंस मां रे?"

"बघलंय."

"मगे?"

 "बघलंय," बाबली पुन्हा म्हणाला.

दाऊदने विडी पेटवून त्याला दिली. "काय खातंस तू? आमची म्हस अशीच बघत हुती, धोतऱ्याचो पालो खाल्ल्यान तेवा."

"शक्तीची पुडी खातंय."

"शक्ती बरी दिसता," दाऊद म्हणाला, आणि त्यानंतर तो रोज बाबलीच्या पुढ्यातल्या वल्ह्यावर बसायला लागला. नाळीवर बाळा नावाचा नवा गडी बसवला. हा बदल का केला ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

साहेब आले तो दिवस तेरा फेब्रुवारी. सकाळी ओहोटी लागलेली, वारा वायव्येचा, पाणी फुगलेलं. हौसाबाईने त्या दिवशी पुडीत तूप जास्त घातलं. सुशीलेने गोळ्या दिल्या, आज चारी दिशांचं बरं होऊ दे म्हणून चार दिल्या. मांगरात बाबलीने हात थरथरू नये म्हणून बाटलीचा तळ पाहिला. मग तो सुकाणूवर येऊन बसला. सदरा धुतलेला होता.

आगबोटीवरून सतरा उतारू पडावात आले. त्यात एक कडेवरचं पोर, दोन म्हाताऱ्या, रत्नागिरीचे साहेब, आणि परीक्षेच्या वेळी बापाजवळ असावं म्हणून रजा काढून आलेला गुरुदास. साहेब मागच्या फळीवर, बाबलीच्या हाताच्या अंतरावर बसले. मांडीवर काळी वही. गुरुदासने बापाकडे बघून मान हलवली. बाबलीने त्याच्याकडे परक्या उतारूकडे बघतात तसं पाहिलं. गुरुदासचा हात खिशातल्या नव्या बाटलीवर गेला आणि तिथेच राहिला.

पडाव सुटला. पहिल्या दोन खुणा बाबलीच्या हाताने घेतल्या. डोकं नसलं तरी हाताला चौतीस वर्षांची सवय होती. डावीकडे म्हातारी हा खडक मागे गेला, पांढरा फेस गुडघ्याएवढा. साहेबांनी फळी घट्ट धरली.

"तांडेल," त्यांनी विचारलं, "हा पुढचा खडक कोणता?"

बाबलीने पुढे पाहिलं. पाणी दिसलं. किनारा दिसला, त्याच्यावर झेंडा, झेंड्यामागे टेकडी, टेकडीवर दोन वड. वड एकच आहे हे त्याला माहीत होतं. कुठला खरा ते कळेना. बोकड पुढे कुठेतरी पाण्याखाली होता, त्याचं नाव जिभेच्या टोकाला होतं आणि जीभ हलत नव्हती. वल्ही पडत होती, पाणी मागून ढकलत होतं. साहेब वाट बघत होते. दाऊद वल्हं मारता मारता झेंड्याकडे नाही, बाबलीच्या मनगटाकडे बघत होता.

बाबलीला त्या क्षणी एवढंच नीट समजलं की आपल्याला समजत नाहीये. सुकाणू सोडलं तर तांडेलकी गेली. धरून ठेवलं तर काय जाईल ते फळीवर बसलं होतं, त्यातलं एक आईच्या खांद्यावर झोपलं होतं.

"दाऊद," तो म्हणाला, "हयसर ये. सुकाणू धर. माका आठवणा नाय."

मोठ्याने म्हणाला. साहेबांना ऐकू गेलं, सगळ्यांना गेलं. दाऊद दोन म्हाताऱ्यांच्या आणि एका ट्रंकेच्या वरून आला. त्या तेवढ्या वेळात पडावाचं तोंड फिरलं, लाट कडेला बसली आणि सगळ्यांच्या मांडीवर पाणी आलं. उजव्या बाजूला, वल्ह्याच्या पात्याइतक्या अंतरावर, पाणी खाली गेलं आणि काळी शेवाळी पाठ वर आली.  

"उजवी वल्ही वर काढा," दाऊद म्हणाला. "डावी उलटी मारा."

उजव्या बाजूचं एक वल्हं वेळेवर वर आलं नाही. ते मोडलं. बाकी पडाव बोकडाच्या पाठीला न लागता आत सरकला. पुढच्या चार खुणा दाऊदने घेतल्या आणि प्रत्येक खूण घेताना तिचं नाव बाबलीला हळू आवाजात सांगितलं, जणू परीक्षा अजून चालूच आहे. बाबली मान हलवत होता. साहेब वहीत काहीतरी लिहीत होते.

वाळूला लागल्यावर बाबली उतरायला उभा राहिला आणि उभ्याचा खाली गेला. गुरुदासने त्याला पाण्यातून उचललं.

डॉक्टर आले तेव्हा बाबली ओट्यावर आडवा होता आणि नाडी मोजायला शोधावी लागत होती. डॉक्टरांनी दाब घेतला, पुन्हा घेतला, आणि डोक्याखालची उशी काढून पायांखाली ठेवायला लावली. मग त्यांनी विचारलं की माझ्या औषधाशिवाय हे काय घेतात.

"तुमचा खंयचा औषध?" हौसाबाईने विचारलं.

तिथून सुरुवात झाली. बाबलीला रोज मांगरात शिरताना दाऊदने पाहिलं होतं; तो जाऊन शिडाच्या घडीतून रिकामी बाटली घेऊन आला. हौसाबाईने पुडी आणली. सुशीलेने तांदळाच्या पिंपातून गोळ्या काढल्या. गुरुदासने खिशातून नवी बाटली काढून शेजारी ठेवली. डॉक्टरांनी पुडीवरचं वाचलं, बाटलीवरचं वाचलं, पुन्हा पुडीवरचं वाचलं.

"ह्या गोळ्या सर्पगंधाच्या मुळापासून करतात," ते म्हणाले. "आणि पुडीत सर्पगंधा आहेच."

फोंड्याच्या घाटातली माणसं ते मूळ खणून विकतात हे आम्हाला माहीत होतं. बाबलीच्या पोटात ते दोन वाटांनी येत होतं. एक सरळ वैद्याकडून, दुसरं मुंबईच्या कारखान्यात जाऊन शिकून. दोघांचं काम एकच, दाब उतरवायचा आणि माणसाला गुंगवायचं. डॉक्टरांच्या बाटलीतल्या ब्रोमाइडचं कामही गुंगवायचंच.

"जेवण काय चाललंय?"

"पेज," सुशीला म्हणाली. "अळणी. दोन म्हयने मिठाचो खडो घातलंय नाय."

"मीठ कुणी बंद केलं?"

"तुमीच."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. अंगात मीठ गेलं नाही, तर शरीर हे गुलाबी औषध बाहेर टाकत नाही, ते साठत राहतं, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, बहुतेक स्वतःलाच. मग ते सगळ्यांकडे वळले.

"ह्यातलं एकेक औषध एकेका माणसाला बेतात दिलं तर वाईट नाही. पण इथे माणूस एक, देणारे तीन, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. ह्यापुढे काहीही द्यायचं तर आधी सगळं एका ठिकाणी मांडून दाखवायचं. पाला असो, पुडी असो. आणि कमी पडतंय म्हणून आपल्या मनाने वाढवायचं नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

तिन्ही औषधं बंद झाली. पेजेत मीठ आलं. पहिले चार दिवस डॉक्टर रोज सकाळ-संध्याकाळ येऊन बसत, आणि रात्री दाऊद ओट्यावर झोपायचा. तिसऱ्या रात्री बाबली अंगणातच वाट चुकला, तेव्हा दाऊदने त्याला हाताला धरून आणलं. ह्यातून तो उठेल की नाही हे डॉक्टर सांगेनात. बाराव्या दिवशी सकाळी सुशीला पेज घेऊन आली तेव्हा बाबलीने डोळे उघडून तिला विमला म्हटलं. हौसाबाईने देवीला नारळ दिला.

नारळ फोडताना तिने दत्तारामला विचारलं, की तुला तिन्ही ठाऊक होती तर बोलला का नाहीस, आणि देवीने तरी तिन्ही वेळा उजवा का दिला.

"तुमी येगयेगळा इचारलास," दत्ताराम म्हणाला. "तीनय औषधां एकदम दिवची काय, असा खंय इचारलास?"



मार्चमध्ये एका सकाळी, भरतीच्या वेळी, रिकामा पडाव घेऊन बाबली आणि दाऊद बाहेर गेले आणि परत आले. सुकाणू बाबलीकडे होतं. सात खुणा बरोबर आल्या. प्रत्येक खडकाचं नाव बाबली मोठ्याने सांगत होता.

"गप रव," दाऊद शेवटी म्हणाला. "माका म्हायत आसत."

पण निकाल आला नव्हता, आणि निकालाशिवाय बाबली उतारू घेईना. चाचणीत आपण साहेबांच्या तोंडावर काय म्हणालो ते त्याला एकेका शब्दासकट आठवत होतं. बाकी महिनाभराचं काही आठवत नव्हतं. त्याने सदरा धुऊन ठेवला आणि रोज कचेरीकडे बघत ओट्यावर बसला. गुरुदासची वाढवून घेतलेली रजा संपत आली तेव्हा तोच कचेरीत गेला.

कसला निकाल, कारकुनाने विचारलं. रत्नागिरीचे साहेब तिकीटघराला जागा बघायला आले होते, आणि त्यावर पत्रे घालावेत असा त्यांचा अहवाल आला होता. पडावातून येताना भीती वाटत होती म्हणून त्यांनी खडकाचं नाव विचारलं, असं ते चहा पिताना म्हणाले होते. चाचणीचा कागद गुरुदासने फळ्यावरून काढून मागितला. त्याला दुसरं पानही होतं. कचेरीत टाचणी एकच असल्यामुळे ते खणात राहिलं होतं. कारकुनाने ते वाचून दाखवलं: सदर चाचणी इंजिनावर चालणाऱ्या नौकांच्या तांडेलांपुरतीच आहे.

बाबलीच्या पडावाला आठ वल्ही होती. त्यातलं एक मोडलं होतं.